आई कुणाची विद्यार्थिनी

"घरातलं एक माणूस घेऊन या," घोरपडे सर म्हणाले, "ज्यानं आजवर कॉम्प्युटरला हात लावलेला नाही असं. अर्धा तास त्याला शिकवायचं. मी आणि शेठ मागं बसून बघणार. बास, एवढीच परीक्षा."

वर्गात हशा पिकला. हात न लावलेलं माणूस शोधायला आमच्या वडूजमध्ये तेव्हा कुणाला लांब जावं लागणार नव्हतं. हात लावलेलं आणा म्हणाले असते तर पंचाईत झाली असती.

मी हसले नाही. मी हात वर केला.

"सर, प्रत्येकीचा विद्यार्थी वेगळा असला तर तुलना कशी करणार? एकीला हुशार मिळेल, एकीला ढ. जिला ढ मिळाला ती पडणार, तिची चूक नसताना. सगळ्यांना एकच विद्यार्थी द्यायला हवा."

"एकच दिला तर पहिलीनं शिकवल्यावर तो नवशिका राहील का?" सर म्हणाले.

मी हात खाली घेतला. शेजारी बसलेली वहिनी पदरात तोंड लपवून हसत होती. मी तिच्याकडे बघितलं तशी ती थांबली, पण तिचे खांदे हलायचे थांबले नाहीत.

ही दोन हजार चार सालची गोष्ट. स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानावर कॉम्प्युटरचा क्लास निघाला होता. चपला खाली जिन्यापाशी काढून वर जायचं, मशीनवरचं फुलाफुलांचं कापड घडी घालून बाजूला ठेवायचं आणि मग हात लावायचा. आमची बॅच संपत आली होती. सरांनी सांगितलं होतं, की दुपारी बायकांची एक बॅच सुरू करायची आहे आणि तिला शिकवायला आमच्यातलीच एक ठेवायची. ती नोकरी मला हवी होती. नुसती हवी नव्हती, तिच्यावर माझं सगळंच अडलं होतं. मी त्याच वर्षी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले होते, आणि माझ्यासाठी लोणंदचं एक स्थळ येऊन थांबलं होतं. आमचे अप्पा शाळेत गणित शिकवायचे. ते मोजकं बोलायचे आणि बोललेलं मोडायचे नाहीत. त्यांनी एका वाक्यात निकाल दिला होता: नोकरी लागली तर वर्षभर स्थळाचं नाव काढणार नाही, नाही लागली तर दिवाळीनंतर पाहुणे येतील.

वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको, ज्योत्स्ना. लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं. दादा साताऱ्याला नोकरीला, शनिवारी घरी यायचा. आठवडाभर ती एकटी पडते म्हणून दादानं तिचंही नाव माझ्याबरोबर क्लासात घातलं. मला कुणी विचारलं नाही.

क्लासात एका मशीनवर दोघींना बसवायचे. पहिल्या दिवशी वहिनी खुर्चीपाशी थांबली आणि म्हणाली, "वैजूताई, तुम्ही समोर बसा. मी बाजूला बसते." मी नणंद, तेव्हा मान माझा. मी कीबोर्डसमोर बसले, ती उजवीकडे स्टूल ओढून बसली. माउस उजवीकडे असतो, त्यामुळे तो तिच्या वाट्याला आला. मला तेव्हा वाटलं, बरं झालं. खरं मशीन माझ्याकडे आलं आणि खेळणं तिच्याकडे गेलं.

महिना उलटायच्या आत उलटंच झालं. सर जे जे दाखवायचे ते सगळं बाणानं व्हायचं. इथं जा, हे उघडा, ते ओढा. वहिनीचा हात बशीत पाणी फिरावं तसा फिरायचा. मी तिच्या बाजूला हात मांडीवर ठेवून बसलेली. तिनं फाइल उघडली की मग मी दोन ओळी टाइप करायच्या, आणि पुन्हा ती पुढं. तिनं जागा मागितली नव्हती, मी दिली होती, त्यामुळे परतही मागता येत नव्हती. "वहिनी, जरा मला द्या" एवढं म्हटलं असतं तर तिनं लगेच दिलं असतं. पण तेवढं म्हणणं मला जमलं नाही.

मग मी माझा मार्ग काढला. कीबोर्डवर वरच्या ओळीतलं 'एफ वन' हे बटण दाबलं की मदतीची पानं उघडतात हे मला कळलं. क्लास सुटल्यावर सर आवराआवर करीपर्यंत मी ती पानं वाचत बसायची. माउसला हात न लावता काय काय करता येतं ते सगळं त्यात होतं. कुठली दोन बटणं एकत्र दाबली की काय होतं, कुठलं धरून ठेवलं की काय बदलतं. प्रयोगशाळेत क्षार ओळखावा तसं मी एकेक बटण तपासलं. आठवड्याभरात वहिनीचा बाण यादीपर्यंत पोचायच्या आत मी यादी उघडलेली असायची. तिनं ओढायला घेतलेलं मी बटणानं आधीच हलवलेलं असायचं. एकाच पडद्यावर आमची दोघींची शर्यत चालायची. सरांना वाटायचं मशीन बिघडलंय.

वहिनी कधी चिडली नाही. नुसती म्हणायची, "तुम्ही फार पुढं गेलात, ताई." तेच मला झोंबायचं.

*

परीक्षेचं सांगायला मी त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात गेले. वहिनी वर गच्चीत वाळलेले कपडे काढत होती, हे मी आधी बघून घेतलं होतं.

आमच्या जुन्या स्वयंपाकघरात ओटा दारासमोरच्या भिंतीला होता. त्यामुळे आई कायम भिंतीकडे तोंड आणि दाराकडे पाठ करून उभी असायची. आम्ही लहानपणापासून जे काही मागितलं ते आईच्या पाठीकडे मागितलं. सहलीला जाऊ का, निकाल लागला, ताप आलाय. पाठ ऐकायची, आणि पाठच उत्तर द्यायची. मागं पडवीच्या जागी नवं स्वयंपाकघर बांधायचं ठरलं होतं. दादानं आणि ठेकेदारानं बसून नकाशा काढला होता आणि तो गुंडाळी करून कपाटावर पडला होता. विटा येऊन अंगणात रचल्या होत्या.

मी आईला सगळं सांगितलं. सरांना मी काय विचारलं, सर काय म्हणाले, एकीला ढ मिळाला तर ती कशी पडेल, सगळं. मग म्हटलं, "तू माझ्याबरोबर ये."

आई भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला.

"ज्योत्स्नाला कोण आहे?" तिनं विचारलं.

"अप्पा आहेत की. नाहीतर तिच्या माहेरचं कुणी येईल दहिवडीहून."

पुन्हा थापण्याचा आवाज सुरू झाला. भाकरी तव्यावर पडली. तिनं पाणी फिरवलं. मग ती म्हणाली, "मी ज्योत्स्नाबरोबर जाईन. तू अप्पांना ने."

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"का?"

"माझं डोकं नाही चालत असल्यात. ज्योत्स्ना सांभाळून घेईल."

"आणि मी नाही घेणार?"

पाठीनं उत्तर दिलं नाही. भाकरी टम्म फुगली. तिनं ती चिमट्यानं काढून टोपलीत ठेवली, आणि म्हणाली, "ज्योत्स्नाला हाक मार, गरम आहे तोवर खाईल."

त्या दिवसापासून मी पुरावे गोळा करायला लागले. मला सवयच तशी होती. एखादी गोष्ट डोक्यात आली की ती तपासून बघायची. वहिनीला आल्याचा चहा आवडायचा, तर सगळ्यांच्या चहात आलं पडायला लागलं होतं. सुईत दोरा ओवायचा झाला की आई पूर्वी "वैजू" म्हणून हाक मारायची, आता "ज्योत्स्ना" म्हणायची. देवळात जाताना दोघी बरोबर जायच्या, आणि येताना पायरीवर बसून काहीतरी बोलायच्या. मी गेले की विषय बदलायचा, असं मला वाटायचं. आईनं केसाला तेल लावायला वहिनीला बोलावलं त्या दिवशी मी जेवले नाही. डोकं दुखतंय म्हटलं. वहिनीच बाम घेऊन आली.

हे सगळं मी एकटीच बघत होते. कुणाशी बोलायची सोय नव्हती. कुणाला सांगणार, की माझी आई परक्या घरातून आलेल्या मुलीनं नेली? घरात सून आणि सासूचं जमलं म्हणून शेजारणी आईचं नशीब वाखाणत होत्या.

परीक्षेच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी दोरीवर कपडे घालत होतो. मी विचारलं, "वहिनी, तुम्हाला कशाला हवी हो नोकरी? तुमचं काय अडलंय?"

तिनं दादाचा शर्ट झटकला आणि बराच वेळ त्याच्या बाह्या सरळ करत बसली.

"घरातून चप्पल घालून निघायला काहीतरी कारण लागतं, ताई," ती म्हणाली. "तुम्हाला लागत नाही. मला लागतं. भाजीला जायचं तरी आधी भाजी संपावी लागते."

 तिचं म्हणणं खरं होतं, आणि ते खरं असल्याचा मला रागच आला.

*

परीक्षेला आम्ही चौघं एकत्रच निघालो. आईनं ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती. जिन्याखाली चप्पल काढताना तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. काहीतरी सांगायचं असल्यासारखं. मी नजर फिरवली.

वर शेठ आणि घोरपडे सर भिंतीला लागून खुर्च्या टाकून बसले होते. शेठ म्हणजे खालच्या झेरॉक्सचे मालक. त्यांना कॉम्प्युटरमधलं कितपत कळत होतं मला माहीत नाही, पण त्यांच्या मांडीवर घड्याळ होतं.

बाकीच्यांचं सकाळीच उरकलं होतं, आता आम्ही दोघीच राहिलो होतो. आधी माझं नाव पुकारलं. अप्पा समोर बसले, मी बाजूला उभी राहिले. मी रात्र रात्र मनात मांडणी करून ठेवली होती. आधी यंत्राचे भाग, मग स्मृती म्हणजे काय, मग यंत्र फक्त शून्य आणि एक कसं ओळखतं, आणि मग कीबोर्ड. अप्पांसारखा विद्यार्थी म्हणजे हुशारच. ढ माझ्या वाट्याला आला नव्हता, हे मी मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते.

"ही स्मृती," मी म्हणाले.

"व्याख्या काय?" अप्पा म्हणाले.

मी व्याख्या सांगितली. त्यांना पटली नाही. वीज गेली की पुसली जाते तिला स्मृती का म्हणायचं, असं त्यांनी विचारलं. मी दोन प्रकार समजावले. ते चांगले खुर्चीत वळून बसले. शून्य आणि एकवर आलो तेव्हा त्यांनी खिशातून पेन काढलं आणि तळहातावर लिहायला लागले. दोनला काय लिहितात, तीनला काय, चारला पुन्हा एक घर का वाढतं. मी सांगत होते, ते मान डोलवत होते. अप्पा आयुष्यात माझ्याशी एवढा वेळ सलग बोलल्याचं मला आठवत नव्हतं. मी परीक्षा विसरून गेले. नऊ कसे लिहायचे ते त्यांचं त्यांनीच काढलं आणि हात माझ्यापुढं धरून म्हणाले, "तपास."

"वेळ संपली," शेठ म्हणाले.

अप्पांनी एकही बटण दाबलं नव्हतं.

मी मागं बाकावर जाऊन बसले. तरी माझा धीर सुटला नव्हता. आता आई होती. आई आणि वहिनी. वहिनीला कीबोर्डमधलं काही येत नव्हतं, आणि आई म्हणजे घरातला टीव्ही बंद करायलाही आम्हाला हाक मारणारी बाई.

आई खुर्चीच्या काठावर बसली, साडी सावरून, जणू खुर्ची कुणाची तरी मागून आणलेली आहे. वहिनीनं तिचा हात धरून माउसवर ठेवला.

"मला नाही जमायचं," आई म्हणाली.

"हलवून तर बघा."

"नाही गं जमत मला. उगीच वेळ जाईल ह्यांचा." आईनं हात काढून घेतला. शेठ घड्याळ बघत होते. माझ्या मनात काहीतरी सैल झालं. असंच होऊ दे, मी म्हटलं. अर्धा तास असाच जाऊ दे.

वहिनीनं घाई केली नाही. ती आईच्या शेजारी स्टुलावर बसली आणि पडद्यावर चित्र काढायचा पांढरा कागद उघडला. मग हळू आवाजात काहीतरी म्हणाली. मला सगळं ऐकू आलं नाही. 'स्वयंपाकघर' एवढा शब्द ऐकू आला.

आईनं पडद्याकडे बघितलं. "ह्याच्यात?"

"हो. चुकलं तर पुसायचं. विटा कुठं लागतायत?"

आईचा हात पुन्हा माउसवर गेला. बाण कडेला जाऊन अडकला, खाली गेला, वर आला. वहिनी तिच्या हाताला हात लावत नव्हती, नुसती बोटानं पडद्यावर दाखवत होती. बटण दाबून धरायचं, ओढायचं, सोडायचं. एक काळी रेघ उमटली. आई जरा मागं सरकली आणि रेघेकडे बघत राहिली.

"ही मागची भिंत," ती म्हणाली.

मग दुसरी भिंत. ती तिरकी आली, पायऱ्या पाडल्यासारखी. आईनं ती पुसली आणि पुन्हा काढली. पुन्हा तिरकी.

"असू दे आई, थोडीशीच आहे," वहिनी म्हणाली.

"भिंत तिरकी कशी चालेल?"

तिनं तिसऱ्यांदा काढली. ह्या वेळी दुसऱ्या बाजूला कलली. वहिनीनं सरांकडे बघितलं. सर गप्प होते, परीक्षा होती. वहिनीला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मदतीच्या पानांत कुठंतरी खाली, बारीक अक्षरात ते दिलं होतं, आणि मी ते करून पाहिलं होतं. आईनं चौथी रेघ ओढायला घेतली. मी बाकाची कड धरून बसले होते. मला वहिनीला मदत करायची नव्हती, हे देवाशपथ खरं. पण रेघ पुन्हा हलायला लागली, आणि सरळ यायला हवी ती रेघ वाकडी येताना मला बघवेना.

"शिफ्ट दाबून धर," मी म्हणाले. "म्हणजे सरळ येईल."

सगळ्यांनी मागं वळून बघितलं, एक आई सोडून.

"कुठलं?" आईनं पडद्यावरून नजर न काढता विचारलं.

मी उठले, तिच्या डाव्या बाजूला गेले, तिचं बोट उचललं आणि त्या बटणावर ठेवलं. "हे. रेघ पुरी होईपर्यंत सोडायचं नाही." तिनं दाबलं, उजव्या हातानं ओढलं. रेघ ताठ उभी राहिली, ओळंबा लावल्यासारखी. तिच्या अंगाला भाकरीचा आणि ठेवणीतल्या साडीतल्या डांबरगोळीचा वास येत होता. मी तिचं बोट अजून धरून होते.

"कळलं. सोड आता," आई म्हणाली.

मी सोडलं आणि बाकावर येऊन बसले.

नंतर आईला कुणी थांबवलं नाही. चारी भिंती झाल्या. दार झालं. ओटा काढला तो नकाशात होता तिथं, म्हणजे दारासमोरच्या भिंतीला. तिनं तो पुसला. थोडा वेळ नुसती बघत बसली. मग दाराच्या बाजूच्या भिंतीपासून खोलीत आत आलेला एक नवा ओटा काढला, आणि त्याच्यामागं एक टिंब.

"ही मी," ती वहिनीला म्हणाली. "हे दार. आता कोण आलं ते कळेल."

माझ्या शेजारी अप्पा बसले होते. तळहातावरचे आकडे बघायचं सोडून ते पडद्याकडे बघत होते.

"वेळ संपली," शेठ म्हणाले.

"थांबा हो जरा," आई म्हणाली. "खिडकी राहिलीय."

शेठ थांबले. खिडकी झाली. वहिनीनं चित्र जपून ठेवायला सांगितलं, तसं मशीननं नाव विचारलं. आईनं कीबोर्डवर वाकून, एका बोटानं, एकेक अक्षर हुडकत इंग्रजीत 'ओटा' असं लिहिलं.

निकाल तिथंच लागला. घोरपडे सर मला बाजूला घेऊन म्हणाले, की देवकर, तुला सगळ्यांपेक्षा जास्त येतं, पण मास्तरांनी शेवटपर्यंत मशीनला हात लावला नाही. मी "हो सर" म्हणाले. वहिनी माझ्याकडे बघायचं टाळत होती. आई मशीनवर कापड घालायला मदत करत होती.

घरी येताना त्या दोघी पुढं, खिडकी पूर्वेला घ्यावी का उत्तरेला ह्यावर बोलत. मी आणि अप्पा मागं. वहिनीनं नोकरी घेतली ह्याचं मला तेवढं वाटत नव्हतं, हे मला चालता चालता कळलं. माझ्या डोळ्यांसमोर सारखी पुढं चाललेली जांभळी पाठ होती, आणि ती एकदाही वळली नव्हती.

"मग दहाला काय लिहितात?" अप्पांनी विचारलं.

मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वहिनीनं क्लासातून आईच्या चित्राचा कागद छापून आणला. शनिवारी दादा आला तेव्हा आईनं तो जेवणाच्या ताटाशेजारी ठेवला. दादा म्हणाला, ठेकेदार ऐकणार नाही. अप्पा म्हणाले, ऐकेल. ठेकेदारानं ऐकलं.

दिवाळी झाली आणि लोणंदचे पाहुणे काही आले नाहीत. मी आठवडाभर वाट बघून अप्पांना विचारलं. ते म्हणाले, त्यांना नका येऊ म्हणून कळवलंय.

"का?"

"शून्य आणि एकचं अर्धवट राहिलंय," अप्पा म्हणाले. "बेरीज कशी करतात ते तू सांगितलं नाहीस."

पुढच्या जूनमध्ये मी एम.एस्सी.ला कोल्हापूरला गेले.

*

मधे बरीच वर्षं गेली. मी पुण्यात एका औषधांच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले. वहिनी त्याच क्लासात मुख्य बाई झाली. आता जिन्यावर तिच्या नावाची पाटी आहे. परवाच्या सुट्टीत मी घरी गेले होते. दुपारची वेळ. आई ओट्यामागं उभी राहून करंज्यांचं पीठ मळत होती, तोंड दाराकडे. मी फाटकातून आत आले तेव्हाच तिनं मला बघितलं होतं आणि माझ्यासाठी पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता.

मी ओट्याच्या अलीकडे स्टुलावर बसले. बोलता बोलता क्लासाचा विषय निघाला, आणि इतकी वर्षं न विचारलेलं माझ्या तोंडून निघून गेलं.

"तेव्हा तू माझ्याबरोबर का आली नाहीस?"

आईला कशाबद्दल ते लगेच कळलं. ती मळत राहिली.

"तूच येऊन सांगितलं होतंस," ती म्हणाली. "जिला ढ मिळेल ती पडणार म्हणून. घरात ढ कोण? मी. मी जिच्याबरोबर जाईन ती पडणार. मग तुझ्याबरोबर कशी येऊ?"

मी तांब्या खाली ठेवला.

"वहिनीला पाडायला गेली होतीस तू?"

"पाडायला म्हणजे काय गं. तिला काय, आज नाही तर उद्या मिळाली असती. तुझ्या डोक्यावर लोणंद होतं. तुला नव्हतं जायचं, ते मला दिसत नव्हतं होय? जिन्याखाली सांगणार होते तुला, काळजी करू नको म्हणून. तू बघायलाच तयार नव्हतीस."

"मग पाडलं का नाहीस तिला?"

"ठरवून गेले होते. काही येत नाही म्हणायचं, अर्धा तास तेच म्हणायचं. म्हटलंही आधी. तू बघितलंस की." तिनं पिठाचा गोळा उलटा केला, तळहातानं दाबला. "मग ती भिंत आली. सरळ. मी कधी भिंत काढली होती का? हाताला वळण आलं, आणि मग..." ती थांबली. शब्द हुडकत असावी. तोंडावर हसू होतं, लाजल्यासारखं. "खरं सांगू का? मग मला तू आठवलीच नाहीस."

हे ती माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली. जुन्या स्वयंपाकघरात म्हणाली असती तर मला तिचा चेहरा दिसला नसता.

"सरळ भिंत माझ्यामुळं आली," मी म्हणाले. "मी उठून आले होते. तुझं बोट धरून त्या बटणावर ठेवलं."

आईचे हात थांबले. ती खरंच आठवायला लागली.

"ते तू दाखवलंस?" ती म्हणाली. "मला वाटलं ज्योत्स्नानं."

मी उठले आणि ओट्याला वळसा घालून तिच्या बाजूला गेले. तिथून सगळं दिसत होतं. दार, पायरी, फाटक, फाटकाबाहेरचा रस्ता वळणापर्यंत. मी तिच्या शेजारी उभी राहून बघत राहिले. तिनं पिठाचा हात न लावता खांद्यानंच मला जरा ढकललं, जागा करून दिल्यासारखं.

रस्त्याच्या वळणावर वहिनी दिसली. हातात पिशवी, चालताना कुणाशी तरी फोनवर बोलत.

"आली बघ ज्योत्स्ना," आई म्हणाली. मी बघितलं होतं, पण ती माझ्या आधी म्हणाली. "माझे हात भरलेत. चहा टाक."

मी चहा टाकला. आलं किसलं, जरा जास्तच.